तिकीट धुळ्याचं

जोडसायकलवर पुढे बसणाऱ्याने गप्प बसायचं नसतं, हे मला मागे बसणाऱ्याने शिकवलं. खड्डा आला तर सांगायचं, गतिरोधक आला तर सांगायचं, ब्रेक दाबायच्या आधी सांगायचं, आणि यातलं काही नसेल तर जे दिसतंय ते सांगत राहायचं. मी मुळात घुमा माणूस. जळगावातल्या एका पाइपच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर माझी सव्वीस वर्षं गेली. तिथे बोलण्याला किंमत नाही, पाइप हातात फिरवून त्यातली खोट ओळखण्याला आहे. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा रेडिओ बरा, तो निदान काही ऐकवतो तरी. असा मी, पण त्या सायकलवर बसलो की वर्षभर अखंड बडबड करत होतो.

मागे बसायचा तो माझा शाळेपासूनचा मित्र. एसटीत कंडक्टर होता. पंधरा वर्षं त्याने जळगाव-धुळे मार्गावर काढली. साखरेने डोळे नेले तेव्हा नोकरीही गेली, आम्ही मात्र त्याला कंडक्टरच म्हणत राहिलो. डोळे एकदम गेले नाहीत. आधी तिकिटाच्या मशीनवरची अक्षरं पुसट झाली, मग सुट्टे देताना नाणी चाचपावी लागली, मग एक दिवस त्याने गाडीतल्या रिकाम्या जागेला "पुढे सरका" म्हटलं आणि सगळे प्रवासी हसले. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तोही हसत होता. मला मात्र त्या प्रवाशांच्या एकेक कानाखाली वाजवावीशी वाटली.

वर्षभर तो घराबाहेर पडला नाही. मग धुळ्यातल्या एका संस्थेत गेला. ऐन उमेदीत दृष्टी गेलेल्या माणसांना तिथे काठीने चालायला, ब्रेल वाचायला, स्वतःचा चहा स्वतः करायला शिकवतात. सहा महिन्यांनी परत आला आणि दुसऱ्याच दिवशी एकटा कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून कढीपत्ता घेऊन आला. वहिनींनी तो कढीपत्ता फोडणीला घातलाच नाही. वाळून काळा पडेपर्यंत देवापुढच्या ताटलीत ठेवला होता.

त्या संस्थेत बायकांना राहायची सोय नव्हती. तो तिथे असताना पारोळ्याकडची एक बाई मुलाचा हात धरून आली होती. जागा नाही म्हणून तिला परत पाठवलं. पायऱ्या उतरताना ती तोंडाने मोजत होती, एक, दोन, तीन. ते मोजणं याच्या कानातून जाईना. बायकांसाठी एक खोली झाली पाहिजे, हे त्याने तेव्हापासून धरून ठेवलं.

आम्ही चार मित्र. मी, कंडक्टर, सराफ बाजारात वडिलोपार्जित दुकान असलेला एक मारवाडी मित्र, ज्याला आम्ही शेठ म्हणतो, आणि एक शाळामास्तर. पोटं सुटली म्हणून आम्ही तिघांनी सकाळी सायकली काढायला सुरुवात केली होती. कंडक्टर मेहरूण तलावाच्या कठड्यावर बसून आमची वाट बघायचा. आम्ही फेऱ्या मारायचो आणि तो घंटीच्या आवाजावरून कोण मागे पडलं ते सांगायचा. बहुतेक वेळा मीच. एक दिवस शेठने पुण्याहून वापरलेली जोडसायकल आणली. दोन सीटं, दोन जोड पायडल, एकच हँडल. कंडक्टरने ती पुढपासून मागपर्यंत हाताने बघितली आणि सरळ मागच्या सीटवर जाऊन बसला.

पहिल्याच फेरीला मी त्याला फसवलं. समोर म्हैस होती. तो घाबरेल म्हणून मी म्हटलं, रस्ता मोकळा आहे, आणि गुपचूप हँडल वळवलं. मागे तो सरळ बसलेला, मी डावीकडे कललेला. दोघेही कठड्यावर आपटलो. माझा गुडघा फुटला, त्याचं कोपर. तो उठला, धोतराचा सोगा झटकावा तशी पँट झटकली आणि त्याच्या अहिराणीत म्हणाला, "हे दख भो. जे दिखस तेच सांगजो. कमी नही, जास्ती नही. तुना डोया त्याच मना डोया." तुझे डोळे तेच माझे डोळे.

त्यानंतर मी म्हैस म्हणजे म्हैस सांगत आलो. तो सारखा विचारायचा, "काय दिखस?" आणि मी सांगायचो. एक बाई घागर घेऊन चाललीय, तिच्या पायात दोन वेगळ्या चपला आहेत. तळ्यावर बगळे नाहीत आज. एक म्हातारा फोनवर भांडतोय. त्याला बगळ्यांपेक्षा भांडणात जास्त रस असायचा. घुम्या माणसाला आपल्या डोळ्यांत इतकं काही साठलेलं असतं हे तेव्हाच कळलं. खरं सांगतो, ते माझ्या आयुष्यातलं फार सुखाचं वर्ष होतं.

खोलीसाठी जळगाव ते धुळे सायकल न्यायची ही कल्पना मास्तरची. पण तिला रूप दिलं कंडक्टरने. तो म्हणाला, वर्गणी मागायची नाही, तिकिटं विकायची. छापखान्यातून जुन्या एसटीसारखी तिकिटं छापून घेतली. पातळ रंगीत कागद, वर "जळगाव ते धुळे". जुन्या बाजारातून एक पंच पैदा केला. डाळमिलपासून भाजीबाजारापर्यंत आम्ही त्याला हिंडवलं. तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून पंच टिकटिक वाजवायचा, "चला, धुळे, धुळे, धुळे!" आणि अंगठ्याने कागदाची कड चाचपून बरोबर जागी भोक पाडायचा. कुणी म्हणालं, मी अर्ध्या वाटेचं घेतो, एरंडोलपर्यंतचं, तर तो तिकीट परत घ्यायचा. "ही गाडी मधी थांबत नही. बठ्ठा धुये." म्हणजे सगळी गाडी धुळ्याची.

निघायचं होतं जानेवारीत, थंडीत. पण धुळ्यात स्वागताला मोठा पाहुणा हवा, असं कुणीतरी काढलं, आणि पाहुण्याची तारीख मिळता मिळता मार्च उजाडला. मी तेव्हाच म्हटलं होतं, पाहुणा गेला उडत, थंडीत जाऊ. माझं कुणी ऐकलं नाही. खानदेशातला मार्च काय असतो हे इथल्या माणसाला सांगावं लागू नये. पण हार आणि माइक दिसला की आपल्याकडे शहाणी माणसंही हवामान विसरतात.

उजाडता उजाडता निघालो. आमची जोडसायकल मध्ये, मास्तर दुसऱ्या सायकलवर पुढे, आणि मागे शेठची गाडी, तिच्यात पाणी, केळी, मास्तरचं साखर मोजायचं यंत्र. बांभोरीच्या पुलावर गिरणेचा वारा लागला आणि कंडक्टर रंगात आला. मी काही सांगायच्या आत तोच गाव पुकारायचा. "पाळधी! पाळधीवाले पुढं या!" मी बघावं तर पाळधीच. "एरंडोल! उतरा, उतरा, सामान बघून घ्या!" चौपदरी रस्ता झाला, गावं बाजूला पडली, त्याच्या ओळखीचे सगळे खड्डे बुजले. तरी त्याला कसं कळायचं कोण जाणे. मास्तर म्हणाला, याच्या पोटात मैलाचे दगड आहेत. रस्त्यावरचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जायचे आणि हा आपल्या सीटपाशी बांधून घेतलेली घंटी दोनदा वाजवून त्यांना उत्तर द्यायचा.

पारोळ्यापर्यंत सगळं छान होतं. पारोळा सोडलं आणि ऊन अंगावर आलं. पुढचं गाव मुकटी, तेही त्याने पुकारलं, पण आवाज बसला होता. त्यानंतर त्याने गाव पुकारलं नाही. पायडलवरचा त्याचा जोर कमी होत गेला, मला ते मांड्यांत कळत होतं. पुढच्या उताराला त्याने उलटी केली. मास्तरने साखर मोजली, खाली गेलेली होती. गूळ दिला, साखरेचं पाणी दिलं, झाडाखाली बसवलं. शेठ म्हणाला, गाडीत बस, आता झालंच आहे सगळं.

"मी गाडीम्हा बसाव नही," तो म्हणाला. इतकंच. आणि हाताने चाचपत परत सायकलकडे गेला.

पुढच्या पट्ट्यात मी फार घाबरलो होतो. मागून त्याचा श्वास ऐकू येत होता, तो मला अजून आठवतो. मी दिसेल ते सांगत होतो आणि तो हूं सुद्धा म्हणत नव्हता. हा माणूस माझ्या पाठीमागे मरेल आणि मला मान वळवून बघताही येणार नाही, हेच डोक्यात घोळत होतं. फागणं या गावाजवळ पोचलो. तिथून धुळं अजून दहा-बारा किलोमीटर. रस्त्याच्या कडेला एका ढाब्यावर लग्नाचा बँड थांबला होता, वाजवणारे चहा पीत होते. शेठने गाडी आमच्या बाजूला आणली, काच खाली केली आणि माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली. मला लगेच कळलं. आम्हाला वाटलं, याचा हिशेब मुकटीलाच तुटलाय, याला आता गावं कळत नाहीत. पंधरा वर्षं त्या रस्त्यावर उभ्याने काढलेल्या माणसाबद्दल आम्हाला असं वाटलं, यापेक्षा मोठा मूर्खपणा आमच्या हातून झाला नाही.

शेठने बँडवाल्यांशी बोलणं केलं. कुणीतरी लग्नातला गुलाल आणला. मी ब्रेक दाबला आणि म्हणालो, "उनं धुये!"

धुळं आलं. दोनच शब्द. लगेच बँड सुरू झाला, गुलाल उडाला, मास्तरने त्याच्या गळ्यात हार घातला. ढाब्यावरची माणसंही काय ते न कळता टाळ्या वाजवायला लागली. कंडक्टर सायकलवर तसाच बसून राहिला. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. त्याने नाकाने हवा ओढून घेतली, मान थोडी कलती केली. मग मला विचारलं, "फागणं गयं का रे?"

"गयं ना. मघाशीच," मी म्हणालो. "तुनं ध्यान नव्हतं."

तो "बरं" म्हणाला.

मग मी आणखी रचत गेलो. गावात गर्दी आहे, पोलिस सायकल आत सोडत नाहीत, संस्थेपर्यंत गाडीतून जाऊ. तो निमूट गाडीत बसला. खिडकीकडे तोंड करून. त्या बारा किलोमीटरमध्ये त्याने एकदाही "काय दिखस?" विचारलं नाही. मी त्याला थकवा म्हटलं. सोयीचं होतं ते.

संस्थेत सत्कार झाला. पाहुणे भरपूर बोलले. कंडक्टरच्या हातात माइक दिला, तर हा, जो पन्नास माणसांच्या गाडीत माइक नसताना बोलत आला, तो म्हणाला, "मी दमलोय. खोली चांगली बांधा." शाल त्याने मास्तरच्या हातात दिली. लोकांना तो त्याचा विनय वाटला. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

खोली झाली. चार पलंग, भिंतीला धरून चालायला लाकडी कठडा. ती पारोळ्याची बाई परत आली का, मला माहीत नाही. पण दुसऱ्या कुणीतरी आल्या, शिकून गेल्या. ते काम खरंच झालं, यात खोटं नाही.

आमचं मात्र काहीतरी मोडलं. काही दिवसांनी तो पुन्हा तलावावर आला, जोडसायकलवर बसला, गप्पा मारल्या, माझ्या ढेरीवरून टोमणे मारले. फक्त मला विचारायचं बंद केलं. मी आपणहून सांगायचो, आज बगळे आलेत. तो म्हणायचा, "व्हय का." जसं आपण फोनवर कंटाळून म्हणतो. मी जास्त सांगायचो, रंगवून सांगायचो, तसा तो जास्तच गप्प व्हायचा. पुढे गुडघे दुखतात म्हणून यायचाच बंद झाला. मला राग आला. इतकं केलं याच्यासाठी, असंही मनात आलं. ते मनात आलं याची आज लाज वाटते.

सांगून टाकावं, असं मला किती वेळा वाटलं. गणपतीत वाटलं. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन गेलो तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं, पण त्याचा भाऊ शेजारी बसला होता. भाऊ नसता तरी मी सांगितलं नसतं. कारखान्यात पाइप बोटभर आखूड निघाला तर मी अख्खा गठ्ठा परत पाठवतो. आणि इथे बारा किलोमीटर गिळून बसलो होतो. पुढे त्याच्या किडन्यांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या सुईला जायचा. मी दवाखान्यात शेजारी बसायचो, त्याचा हात धरून. तो हात काढून घ्यायचा नाही, हे सांगायला हवं. मी म्हणायचो, बरा हो, मग बोलू. तो जानेवारीत गेला. थंडीत.

तेराव्यानंतर एका दुपारी मी वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा केला. त्याची काठी दारामागे तशीच उभी होती. वहिनी पदराशी चाळा करत बसल्या, मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्हले एक इचारनं शे. कोनले इचारू समजत नही."

मग त्यांनी सांगितलं. धुळ्याच्या त्या सत्कारानंतर आठ दिवसांनी त्याने पहाटे त्यांना उठवलं. पहिल्या एसटीने दोघं निघाले. वहिनींना वाटलं, संस्थेत काही काम असेल. तो फागण्याला उतरला. म्हणाला, इथून पायी जायचंय, धुळ्यापर्यंत. वहिनी म्हणाल्या, वेड लागलं का. तर म्हणाला, त्या दिवशी फागण्याला सायकल फेल झाली, पुढे गाडीतून जावं लागलं. "लोकेसनी धुयानं तिकीट लिधेल शे. फागणाले कशी गाडी खाली करू?" लोकांनी तिकीट धुळ्याचं घेतलंय, त्यांना फागण्याला कसं उतरवायचं. रस्त्यात गाडी बंद पडली की कंडक्टरने हात झटकून चालत नाही, शेवटचा प्रवासी पोचेपर्यंत जबाबदारी त्याची, हे त्या संसारभर ऐकत आल्या होत्या. त्यांनी त्याचा हात धरला आणि दोघं चालले. बसत, पाणी पीत, चार तास. मला आठवलं, त्या दिवशी मी फोन केला होता, तर तो म्हणाला होता, सासुरवाडीला आलोय.

सायकल फेल झाली. त्याने त्यांना असं सांगितलं होतं. मला कमी-जास्त चालत नाही म्हणून दटावणारा माणूस माझ्यासाठी घरात खोटं बोलला होता.

"धुये उनं," वहिनी म्हणाल्या. "मी सांगितलं, आलं हो धुळं. तर म्हणाले, नक्की? मी म्हटलं, नक्की, समोर स्टँड दिसतंय. तरी मला म्हणाले, चौकशीच्या खिडकीपाशी ने. तिथे त्या साहेबाला विचारलं, भाऊ, हे धुळंच ना? तो हसला. म्हणाला, मग काय मुंबई? आता बघा, जन्म त्या स्टँडवर गेला यांचा. तिथला वास कळत नव्हता त्यांना? मी सांगितलं तेवढं पुरलं नाही." त्या दारामागच्या काठीकडे बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं कधी माझ्या शब्दावर दुसऱ्याला विचारलं नव्हतं. भाऊ, त्यांचा माझ्यावर भरोसा नव्हता का हो?"

दहा महिने ही बाई हा प्रश्न एकटी पोटात घेऊन फिरत होती. त्याच्या पलंगापाशी बसताना, त्याला भरवताना, शेवटी त्याच्या तोंडात पाणी घालतानाही तो तिच्याबरोबर होता. आणि तो प्रश्न माझा होता, तिचा नव्हताच.

मी कप खाली ठेवला. वहिनींकडे बघितलं आणि सांगायला सुरुवात केली. उलटी, शेठची भुवई, ढाबा, बँड, गुलाल, माझे ते दोन शब्द, आणि त्याने विचारलेलं फागणं. जे झालं तेच. कमी नाही, जास्त नाही.